सहा प्राध्यापकांचं डिपार्टमेंट: अमेरिकेतल्या छोट्या खासगी विद्यापीठातली पीएचडी घ्यावी का?

निळीशाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

भूशास्त्रात एमएस्सी झालंय, नंतर दोन वर्षं भूजलाच्या एका प्रकल्पावर काम केलं. यंदा अमेरिकेत सात ठिकाणी अर्ज केले. पाचांनी नकार कळवला, उरली दोन, आणि ती दोन इतकी वेगळी आहेत की तुलना कशी करायची तेच कळेना.

एक, ईशान्येकडचं छोटं खासगी विद्यापीठ. सगळे मिळून साडेतीन हजार विद्यार्थी. डिपार्टमेंटमध्ये सहा प्राध्यापक, पीएचडीवाले अकरा. थेट पीएचडी, ट्यूशन माफ, २६,००० डॉलर स्टायपेंड.

दोन, मोठं स्टेट विद्यापीठ. फुटबॉलमुळे नाव सगळ्यांनी ऐकलेलं. तिथे एमएस, आणि पैसे आपले. दोन वर्षांची नुसती ट्यूशन ५८,००० डॉलरच्या घरात जाते, राहणं-खाणं वेगळं.

बाबांचं म्हणणं, "नाव सांगितल्यावर समोरचा 'हे कुठे आलं?' विचारणार असेल तर तिथे पाच वर्षं कशाला घालवायची?" मामा न्यू जर्सीत असतो. त्याच्या मते फुकटची पीएचडी सोडणारी मी जगातली पहिलीच वेडी. आईचा प्रश्न एकच, तिथे आपली कोणी मुलं आहेत का.

मला खटकतंय ते वेगळंच. ज्यांच्याकडे काम करायचंय ते असिस्टंट प्रोफेसर आहेत, चौथं वर्ष चालू. झूमवर तासभर बोलले, माणूस छान वाटला. पण माझ्या विषयातले तिथे ते एकटेच. रँकिंगमध्ये डिपार्टमेंट औषधालाही सापडत नाही. १५ एप्रिलपर्यंत कळवायचंय. काय काय तपासू?

उंटावरचा_शहाणा

सरळ स्टेटची एमएस घ्या. दोन वर्षांत बाहेर, मग एक वर्ष ओपीटी (पदवीनंतर आपल्या विषयात नोकरी करायची परवानगी), त्यावर स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणितवाल्यांची, २४ महिन्यांची वाढ. म्हणजे तीन वर्षं नोकरीला मोकळ्या. पाच-सहा वर्षं लॅबमध्ये पाणी गाळत बसण्यापेक्षा बरं. आणि नावाला महत्त्व नसतं असं म्हणणारे सगळे नाव असलेल्या ठिकाणीच शिकलेले असतात.

जुनाखांब

उंटावरच्यांशी अर्धाच सहमत. मी अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात वीसेक वर्षं शिकवतोय, पीएचडीच्या निवड समितीवर बसलोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी 'छोटं' आणि 'खासगी' हे शब्द बाजूला ठेवा. कॅलटेकमध्ये एकूण विद्यार्थी अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे तुमच्या विद्यापीठाहूनही लहान. रॉकफेलर विद्यापीठात तर डिपार्टमेंटच नाहीत, नुसत्या प्रयोगशाळा, आणि पीएचडीला ट्यूशन नाही. अर्थात त्यांच्या तिजोऱ्या वेगळ्या. पण आकार बघून भ्यायचं काही कारण नाही.

कार्नेगी वर्गीकरणही (अमेरिकन विद्यापीठांची संशोधनावरून केलेली प्रतवारी, आर-वन सगळ्यात वरची) फार मनावर घेऊ नका. २०२५ पासून आर-वन व्हायला वर्षाला पाच कोटी डॉलरचा संशोधन खर्च आणि ७० पीएचडी पदव्या लागतात, आर-टूला ५० लाख डॉलर आणि २० पीएचडी. अकरा पीएचडीवालं तुमचं डिपार्टमेंट उत्तम असलं तरी विद्यापीठाचा आकडा तिथवर पोचेलच असं नाही. तो मोजतो सगळ्या विद्यापीठाचा पसारा. तुम्हाला जायचंय एका खोलीत.

आता त्या खोलीबद्दल. मॅसॅच्युसेट्समधलं क्लार्क विद्यापीठ ऐकलंय? १८८७ साली स्थापना, १८८९ मध्ये वर्ग सुरू, आणि तेव्हा फक्त पदव्युत्तर शिक्षण. भौतिकशास्त्राला मायकेलसन, मानववंशशास्त्राला फ्रान्झ बोआस. छोटं, खासगी, आणि त्या काळी अमेरिकेत तोड नाही असं. तीन वर्षांत देणगीदार आणि अध्यक्षांचं बिनसलं, पैशांची ओढाताण सुरू झाली. १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष हार्पर आले आणि अध्यापक उचलून घेऊन गेले. निम्म्याहून जास्त माणसं गेली. मायकेलसन गेले, बोआसही क्लार्क सोडून गेले. त्यांच्या भरवशावर तिथे आलेल्या मुलांचं काय झालं असेल याचा विचार करा.

पण त्याच क्लार्कमधून रॉबर्ट गोडार्डने १९११ मध्ये पीएचडी केली, तिथेच शिकवलं, आणि १९२६ मध्ये द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं. अडीच सेकंद उडालं. म्हणजे माणसं गेली तरी सगळंच बुडतं असं नाही.

तर तुम्हाला विचारायचा प्रश्न एकच: दुसरं नाव कोण? तुमचे सर उद्या गेले, तर तुमचा प्रबंध कोण पुढे नेणार? मोठ्या डिपार्टमेंटमध्ये हा प्रश्न आपोआप सुटतो, चाळीस जणांत कोणीतरी सापडतं. सहा जणांत तो आधीच सोडवून जावा लागतो. चौथ्या वर्षातल्या असिस्टंट प्रोफेसरचा टेन्युअरचा (कायम नोकरीचा) निकाल साधारण सहाव्या वर्षी लागतो. नाही मिळालं तर बहुतेक ठिकाणी आणखी एक वर्ष, मग निरोप. तुम्ही तेव्हा तिसऱ्या-चौथ्या वर्षात असाल, बरोबर मधोमध.

लॅबउंदीर

जुनाखांब सरांनी लिहिलेलं माझ्यावर बेतलंय. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, छोटं आणि खासगी एवढं पुरे. तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये माझ्या गाइडने लॅब मीटिंगला डोनट आणले. एरवी कधी आणत नाही. डोनट बघूनच लॅबमधला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) म्हणाला, "गेला हा." आणि खरंच, ऑगस्टपासून दुसरीकडे.

आम्ही चार विद्यार्थी. दोघं त्याच्याबरोबर गेले: नव्या जागी परत प्रवेश, क्वालिफायर (पीएचडीची पात्रता परीक्षा) परत, आधीच्या कोर्सचे सगळे क्रेडिट मान्य झाले नाहीत. एक मास्टर्स घेऊन बाहेर पडला. मी राहिले, गाइड बदलला, विषय अर्धा बदलला, दीड वर्ष जास्त लागलं. नव्या गाइड बाई चांगल्या होत्या म्हणून पार पडले. पण त्या 'दुसरं नाव' आहेत हे मला आधी माहीत नव्हतं, नशिबाने निघालं.

दोन गोष्टी सांगते ज्या कोणी सांगत नाही.

कोर्स कॅटलॉगवर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे कॅटलॉगात ग्रॅज्युएट कोर्स बावीस होते. प्रत्यक्षात सेमिस्टरला तीन लागायचे, त्यातला एक अंडरग्रॅडच्या मुलांबरोबर. त्यांना ४०० चा नंबर, आम्हाला ६०० चा, खोली तीच, गणितं तीच, आम्हाला वर एक टर्म पेपर. मागच्या चार सेमिस्टरचं वेळापत्रक रजिस्ट्रारच्या साइटवर बहुतेक उघडं असतं. शोधा आणि तुम्हाला हवे ते कोर्स किती वेळा लागले ते मोजा. जवळच्या विद्यापीठात जाऊन कोर्स करता येतो का, हेही विचारा. बऱ्याच छोट्या ठिकाणांचे असे आपसातले करार असतात.

दुसरं, यंत्रं. तुमचं काम भूजलाचं, म्हणजे आयसीपी-एमएस (पाण्यातली मूलद्रव्यं मोजायचं यंत्र) लागणार, बहुधा समस्थानिकांची (आयसोटोपची) मोजणीही. ते त्यांच्या इमारतीत आहे की नमुने बाहेर पाठवतात? बाहेर असेल तर नमुन्यामागे पैसे कोण देतं? मी दर गुरुवारी पहाटे साडेपाचला बर्फाच्या पेटीत नळ्या घालून तासाभरावरच्या विद्यापीठात जायचे, कारण आम्हाला स्लॉट सकाळी सातचाच मिळायचा. नशीब एका मैत्रिणीकडे गाडी होती.

निळीशाई

डोनटचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला. यंत्राचं विचारायला सुचलंच नव्हतं. सर, 'दुसरं नाव' त्यांनाच कसं विचारू? "तुम्ही गेलात तर" असं तोंडावर विचारायचं?

जुनाखांब

हो. शब्द सौम्य ठेवा, प्रश्न तोच. "माझ्या समितीवर आणखी कोण असेल आणि त्यांच्यापैकी कोणाबरोबर मी सह-मार्गदर्शनाखाली काम करू शकेन?" समजणाऱ्याला समजतं. त्याला राग आला तर तीही माहितीच. टेन्युअरचंही विचारा. बिचाऱ्याला त्या विचाराने तशीही झोप लागत नसेल.

हिशेबनीस

मी अकाउंट्सवाला, शिक्षणातलं कळत नाही. ताळेबंद कळतो.

खासगी ना-नफा विद्यापीठाला दरवर्षी फॉर्म ९९० (कर खात्याकडचं हिशेबाचं विवरण) भरावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या साइटवर नाव टाकलं की मिळतो. तीन-चार वर्षांचे समोर ठेवा. उत्पन्न वजा खर्च सलग उणे आहे का? एखादं वर्ष उणे असणं काही नवल नाही, बाजार पडला की सगळ्यांचंच होतं. सलग तीन वर्षं उणे असेल तर घर विकून जेवण चाललंय. मग लेखापरीक्षित अहवालात देणगीदाराची अट नसलेली निव्वळ मालमत्ता बघा. एंडाउमेंट (देणग्यांची गुंतवलेली ठेव) मोठी दिसते, पण त्यातला बराच भाग कुणाच्या तरी आजोबांच्या नावच्या खुर्चीला, म्हणजे प्राध्यापकपदाला, बांधलेला असतो. तो पगाराला वापरता येत नाही.

याशिवाय अमेरिकेचं शिक्षण खातं खासगी विद्यापीठांना आर्थिक प्रकृतीचे गुण देतं, उणे १ ते ३ या मापात. दीड आणि वर असेल तर ठीक. त्याखाली असेल तर का ते विचारा. आणि कॉलेज नेव्हिगेटर या सरकारी साइटवर विद्यार्थिसंख्या बघा. छोटी विद्यापीठं अंडरग्रॅडच्या फीवर चालतात. ती मुलं कमी झाली की पहिली कात्री पीएचडीच्या जागांवर पडते, कारण तुमच्याकडून फी येत नाही, उलट तुम्हालाच द्यावी लागते.

उंटावरचा_शहाणा

मुलगी पीएचडीला चाललीय की विद्यापीठ विकत घ्यायला?

हिशेबनीस

हसा. फिलाडेल्फियातलं युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स, खासगी, हजाराच्या वर विद्यार्थी. ३१ मे २०२४ ला जाहीर झालं की ७ जूनला बंद. एका आठवड्याची मुदत. असं झालं की अमेरिकन विद्यार्थ्याला सरकारी कर्ज माफ करून घ्यायची सोय तरी असते. आपल्या बँकेला त्याच्याशी काय घेणं? आणि एफ-वन या विद्यार्थी व्हिसावाल्याला दुसरं विद्यापीठ शोधून रेकॉर्ड हलवून घ्यायचं, तेही घड्याळ चालू असताना.

जुनाखांब

फक्त छोटीच कशाला, बोस्टन युनिव्हर्सिटीसारख्या मोठ्या खासगी विद्यापीठानेही २०२४ च्या शेवटी मानव्य आणि सामाजिक शास्त्रांतल्या डझनभर पीएचडींचे पुढच्या वर्षीचे प्रवेश थांबवले. हिशेबनीसांचा मुद्दा बरोबर आहे. फक्त 'छोटं म्हणजे बुडणारं' असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

पाचवीला_पुजलेला

धाग्यात घुसतोय, माफी. मलाही एका छोट्या खासगी विद्यापीठाची ऑफर आहे, एमएस. एजंट म्हणतो पहिल्या दिवसापासून सीपीटीवर (शिकत असतानाच काम करायच्या परवानगीवर) पूर्णवेळ नोकरी करता येते, वर्ग महिन्यातून एक शनिवार-रविवार. हे पण चांगलं असतं का?

लॅबउंदीर

नाही!! स्वतंत्र धागा काढा, पण आधी एजंटचा नंबर ब्लॉक करा.

जुनाखांब

त्यांना नीट सांगू या. सीपीटी अभ्यासक्रमाचा भाग असते, विद्यापीठ नोकरीसाठी देत असेल तर उलटं झालं. आणि पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली की त्या पदवीवरची ओपीटी गेली. पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जाला "तू खरंच शिकत होतास का" हे सिद्ध करत बसावं लागेल. कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर २०११ मध्ये छापा पडला तेव्हा आपल्याकडच्या काही मुलांच्या पायाला रेडिओ टॅग बांधले होते. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ तर सरकारनेच जाळं म्हणून उभं केलेलं, २०१९ मध्ये उघड झालं, अडकलेली बहुतेक मुलं भारतीय. साइट होती, बोधचिन्ह होतं, वर्ग मात्र नव्हते. निळीशाईंच्या विद्यापीठाचा याच्याशी काही संबंध नाही, पण 'छोटं खासगी' या एकाच पाटीखाली दोन्ही येतात म्हणून लिहिलं.

आजी_ऑनलाइन

माझी नात अशाच एका ठिकाणाहून पीएचडी होऊन आली. ती सांगते, साइटवरचे हसरे विद्यार्थी सोडा, सोडून गेलेल्यांना गाठा. अकरा जण आहेत म्हणजे मागच्या पाच-सहा वर्षांत पंधरा-वीस आले असतील. बाकीचे कुठे गेले? आणि ईमेल नको, फोन. लिहून कोणी खरं सांगत नाही गं.

नात पहिल्यांदा बघायला गेली तेव्हा कॉरिडॉरमध्ये नऊ दारं होती आणि नावाच्या पाट्या सहा. तीन दारांवर नुसती स्क्रूची भोकं. तिने सेक्रेटरीला विचारलं, या जागा भरणार का. बाईंनी आधी दार लोटून घेतलं, मग बोलल्या.

आणि आईला सांग, आपली मुलं सगळीकडे असतात.

रिकामटेकडी

आजी, दंडवत.

ऑफर लेटरबद्दल. निळीशाई, २६,००० हे नऊ महिन्यांचे की बारा? उन्हाळ्यात काय खाणार? विमा पूर्ण की अर्धा? फी माफ म्हणजे ट्यूशन माफ, पण 'फीज' नावाचं वेगळं पिल्लू असतं, सेमिस्टरला पाचशे-हजार डॉलर सहज जातात. आणि पाच वर्षांची हमी आहे की पहिल्या वर्षाची? तो परिच्छेद जसाच्या तसा इथे मराठीत टाका.

निळीशाई

टाकते. "विद्यार्थिनीला पहिल्या शैक्षणिक वर्षासाठी टीचिंग असिस्टंटशिप देण्यात येत आहे. त्यापुढील आधार समाधानकारक प्रगती आणि निधीची उपलब्धता यांवर अवलंबून राहील. हा कार्यक्रम साधारणतः पाच वर्षांचा आहे."

मी आजवर 'पाच वर्षांची ऑफर' म्हणूनच सगळ्यांना सांगत होते. आता दिसतंय की पाच हा आकडा शेवटच्या वाक्यात आहे आणि त्याचा पैशांशी संबंधच नाही. नऊ महिने की बारा, ते कुठेही लिहिलेलं नाही.

रिकामटेकडी

तेच म्हणतेय. ग्रॅज्युएट डायरेक्टरला लिहा, "मागच्या पाच वर्षांत समाधानकारक प्रगती असलेल्या कोणाचा आधार थांबला का?" असं सरळ विचारा. आणि सरांच्या नावाने एनएसएफच्या (संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेच्या) साइटवर ग्रँट शोधा. रक्कम, सुरुवात, शेवटची तारीख, सगळं उघडं असतं.

जुनाखांब

तारीखही आता पूर्वीसारखी पक्की नाही, २०२५ मध्ये एनएसएफने चालू ग्रँट मधेच बंद केल्या, शेकड्यांनी. म्हणून छोट्या ठिकाणी टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्याच्या बदल्यात मिळणारे पैसे) मागे उभी असणं मी जास्त महत्त्वाचं मानतो. पण सेमिस्टरला किती वर्ग शिकवायचे तेही विचारा. काही ठिकाणी एकच प्रयोगशाळा वर्ग देतात. छोट्या ठिकाणी मनुष्यबळ कमी, तुमच्यावर तीन येऊ शकतात.

आणि १५ एप्रिलचं: कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव आहे, आर्थिक आधार असलेल्या ऑफरला त्याआधी उत्तर द्यायची सक्ती नाही. पण तो सही केलेल्या विद्यापीठांनाच लागू. तुमचं यादीत आहे का बघा. नसेल तर अलीकडची तारीखही टाकू शकतात.

लॅबउंदीर

अवांतर: खासगी विद्यापीठातल्या ग्रॅड कामगारांना संघटनेचा हक्क २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणातल्या निकालाने परत मिळाला. सरांनी ज्याची गोष्ट सांगितली त्या क्लार्कमध्येच २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये संप झाला. युनियन असेल तर स्टायपेंड, विमा, शिकवण्याचे तास सगळं करारात छापलेलं असतं, ऑफर लेटरपेक्षा खूप स्पष्ट. तो करार मागा.

उंटावरचा_शहाणा

बरं, मी अर्धं मागे घेतो. पण एमएसच्या बाजूने एक बोलू द्या. पीएचडीच करायची आहे हे तुम्ही नक्की ठरवलंय का? सगळे विद्यापीठाचीच कुंडली मांडताहेत.

निळीशाई

प्रश्न बोचला, पण रास्त आहे. हो, करायचीच आहे. एमएसला अर्ज फक्त धीर होईना म्हणून टाकला होता.

निळीशाई (नऊ दिवसांनी)

धागा वर काढतेय. सगळं केलं नाही, जमलं तेवढं केलं.

सरांना विचारलं. क्षणभर थांबले, मग हसले. म्हणाले टेन्युअरची फाइल पुढच्या वर्षी जाते, प्रकाशनांची काळजी नाही, पण विद्यापीठ छोटं आहे, हमी देत नाही. ग्रँट पुढच्या ऑगस्टला संपते, नवीन अर्ज टाकलाय. दुसरं नाव त्यांनीच दिलं: शेजारच्या खोलीतल्या बाई, गाळ आणि नदीच्या रसायनशास्त्रावर काम करतात, टेन्युअर झालेल्या. त्या रात्री त्यांचे तीन पेपर वाचले. एकात त्यांनी वापरलेली पद्धत मी इथे प्रकल्पात वापरलेली निघाली. त्यांच्याशी वीस मिनिटं बोलले. सह-मार्गदर्शक म्हणून नाव पहिल्या वर्षापासूनच घालू म्हणाल्या, आणि ते ईमेलमध्ये लिहूनही पाठवलं.

आयसीपी-एमएस आहे, तळमजल्यावर. समस्थानिकांचे नमुने बाहेर जातात, खर्च ग्रँटमधून, म्हणजे ऑगस्टनंतर रामभरोसे.

आजी, सोडून गेलेले चार होते. एकाचा फोन मिळाला. त्याने गाइडबद्दल चांगलंच सांगितलं, हिवाळ्याबद्दल आणि गावातल्या बसबद्दल वाईट. सोडलं ते घरच्या कारणाने.

हिशेबनीस, चार वर्षांत एक वर्ष उणे. गुण २ च्या वर. विद्यार्थी थोडे घटलेत.

पगार नऊ महिन्यांचा निघाला. उन्हाळ्याचं मागितलं, पहिल्या दोन उन्हाळ्यांचं लिहून दिलं, पुढचं नाही म्हणाले. पाच वर्षांची हमी मागितली, ती दिली नाही. पण मागच्या सात वर्षांत कोणाचा आधार थांबला नाही, हे डायरेक्टरने स्वतःच्या नावाने लिहिलंय.

काल होकार कळवला. बाबा अजून गप्प आहेत, पण आज सकाळी नकाशा उघडून गाव शोधत होते.

आता आय-ट्वेंटीची (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मची) वाट बघतेय, तो आला की सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर भरायचे. लॅबउंदीर, बर्फाची पेटी कुठल्या मापाची घ्यावी?

लॅबउंदीर

अभिनंदन!! पेटी घेऊ नका, लॅबकडून मागा. बूट मात्र स्वतःचे घ्या, चांगले.